आधी पाणी

वसावे मॅडमवर लिहायचं म्हणून मी तीनदा वही उघडली आणि तिन्ही वेळा 'माझ्या आयुष्यातील आदर्श व्यक्ती' अशी सुरुवात करून खोडली. दहावीपर्यंत याच विषयावर निबंध लिहून मी मार्क मिळवले आहेत, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. मॅडमना ती ओळ दाखवली असती तर त्या म्हणाल्या असत्या, "अक्षर छान आहे तुझं, पाटील." त्या असं म्हणाल्या की समजायचं, मजकुरात दम नाही. त्यांच्याकडे होते त्या चार महिन्यांत माझ्या अक्षराचं फार कौतुक झालं.

अक्कलकुव्याला महामार्गापासून थोडं आत एका संस्थेचा लहान दवाखाना होता, तिथे त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. पोटुशी बायका, बाळंतिणी आणि त्यांची तान्ही मुलं, एवढंच त्यांचं काम. मी नाशिकच्या कॉलेजातून इंटर्नशिपसाठी गेले होते. वर्गातल्या बाकीच्यांना शहरातली मोठी हॉस्पिटलं मिळाली, खेळाडूंचे गुडघे मिळाले. मला सरांनी विचारलं, "तू नंदुरबारचीच ना? मग तिथली भाषा येत असेल." मी हो म्हणाले. आमचं गाव शहाद्याकडचं, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याजवळ, आणि घरी आम्ही अहिराणी बोलतो. पहाडावरच्या बायकांची भिली, पावरी मला ओ की ठो कळत नाही. पहाडावरचं मोलगी हे गाव मी एसटीच्या पाटीवर वाचलं होतं, तेवढीच आमची ओळख. पण सरांना 'नाही' म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे 'नाही' म्हटल्यावर पुढे काय होतं हे सांगणारंही कोणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी वरून आलेल्या एका बाईने मला बराच वेळ काहीतरी कळकळीने सांगितलं. मी समजूतदारपणे मान डोलावत राहिले. मॅडम मागून म्हणाल्या, "पाटील, ती संडास कुठे आहे विचारते आहे."

मॅडम उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या. साडीवर कॅनव्हासचे बूट, केसांना चापून तेल, आणि एप्रनच्या खिशात आमचूर. त्यांच्या गावाकडून, मोलगीच्याही वरून, पोत्याने यायचा तो. स्वतः एक फोड चघळत त्या मळमळणाऱ्या बाईच्या हातावर दुसरी ठेवायच्या. त्यांच्या खोलीत खुर्च्या होत्या, पण त्यांवर फायली बसायच्या. मॅडम आणि बायका खाली सतरंजीवर. मलाही खाली बसावं लागे, आणि उठताना माझेच गुडघे वाजत. "इंटर्नला आधी बरं करायला पाहिजे," असं त्या बायकांना त्यांच्या भाषेत सांगायच्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा त्या हसायच्या म्हणून मीही हसायचे.

दवाखान्याच्या खिडकीतून जीपचा थांबा दिसायचा. पहाडावरून भरलेली जीप आली की मॅडम हातातलं काम ठेवून बायका उतरताना बघत. "ती हिरव्या लुगड्याची. सातवा महिना. डाव्या कुल्ह्यात दुखतंय, बघ, उजवा पाय आधी टाकते." ती बाई आत आली की डाव्या कुल्ह्यावरच हात ठेवायची. मी आठवडाभर खिडकीत उभी राहून सराव केला. एकदा ठामपणे सांगितलं, "तो माणूस पाठीतून वाकलाय, मणक्याचा त्रास असणार." मॅडम म्हणाल्या, "तो बकरी उतरवतोय."

आता पाण्याबद्दल. दाराशी एक पितळी तांब्या आणि स्टीलचे पेले असायचे. बाई आत आली की मॅडम स्वतः उठून पेला भरून द्यायच्या. आधी पाणी, मग नाव, मग दुखणं. आमच्याकडेही पाहुण्याला आधी पाणीच देतात, म्हणून मला त्यात विशेष वाटलं नाही. उलट वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाईचा यात किती वेळ जातो. मी पुढाकार घेऊन तोटीचा जार मागवला, व्हरांड्यात स्टुलावर ठेवला आणि वर माझ्या अक्षरात पाटी लावली. दुसऱ्या दिवशी जार मागच्या खोलीत गेला होता आणि पाटी माझ्या वहीत घडी करून ठेवलेली होती.

"मी तहानेसाठी पाणी देते असं वाटलं का तुला?" मॅडमनी विचारलं. "दोन तास जीपमध्ये बसून, ऊन खात आलेली बाई पाणी पीत नसेल, तर का पीत नसेल?"

"तहान नसेल," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "परतीची जीप मध्ये थांबत नाही, पाटील."

तरी मला चटकन कळलं नाही. त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. बाळंतपणानंतर ज्या बायकांची लघवी खोकताना, हसताना, ओझं उचलताना सुटते, त्या ती गोष्ट कुणाला सांगत नाहीत. त्या पाणी सोडतात. घोट घेतात, ओठ ओले करतात आणि पेला खाली ठेवतात. "तोंडाने विचारलंस तर सगळ्या नाही म्हणतील," मॅडम म्हणाल्या. "पेल्यात किती उरलं ते बघ."

हे मला खरोखर लागलं, कारण तोवर मी तोंडानेच विचारत होते. माझ्या प्रकल्पाची बावीस प्रश्नांची छापील प्रश्नावली होती. त्यातला चौदावा प्रश्न, "खोकताना किंवा शिंकताना आपणास अनवधानाने मूत्रविसर्जन होते का?" एकूण एक बायकांनी नाही म्हटलं होतं. त्यावरून मी निष्कर्ष लिहिला होता की कष्टाच्या कामामुळे पहाडी भागातल्या स्त्रियांना हा त्रास नसतो. तो निष्कर्ष मी मॅडमना दाखवला, तेव्हा त्यांनी माझ्या अक्षराचं पहिल्यांदा कौतुक केलं होतं.

व्यायाम शिकवायची त्यांची रीत आमच्या पुस्तकात नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं चित्र त्या कधी काढत नसत. सतरंजीवर बसून दोन हातांत ओढणी झोळीसारखी धरत. "पोटाच्या तळाला अशी झोळी असते. मूल नऊ महिने हिच्यात बसतं. दोर सैल होतो. तो आपला आपण आवळायचा." नेमकं काय आवळायचं हे समजेना, तर म्हणायच्या, "समोर सासरा बसलाय आणि तुला वारा सुटणार आहे. तेव्हा जे आवळतेस ना, तेच." हे त्या प्रत्येक भाषेत सांगायच्या, आणि प्रत्येक भाषेत बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढचा धडा, "आधी आवळ, मग उचल." हंडा असो, मूल असो, सरपणाची मोळी असो. मॅडम स्वतः फायलींचा गठ्ठा उचलतानाही आधी क्षणभर थांबत. मी त्यांच्यासारखं थांबायला लागले, तर शिपाई म्हणाला, "ताई, काही विसरलात का?"

बाळांच्या बाबतीतही तसंच. एका बाळाची मान सारखी उजवीकडेच वळलेली असायची. मी कोनमापक घेऊन अंश मोजले आणि ताण देण्याचे व्यायाम वहीत लिहिले. मॅडमनी आईला विचारलं, झोळी घरात कशी बांधतेस, दार कुठल्या बाजूला. मान तपासली, गाठ नाही हे बघितलं. घरात उजेड दाराचाच, आणि दार बाळाच्या उजव्या हाताला. ते बिचारं उजेडाकडे बघणारच. "झोळीत त्याचं डोकं आता दुसऱ्या टोकाला ठेव," एवढं सांगून त्यांनी तिला माझ्या व्यायामांतला एक करायला दिला. बहुतेक माझं मन राखायला.

मग मी ती चूक केली. मोलगीजवळची रमीला म्हणून एक होती, तिसऱ्या बाळंतपणानंतरची. मॅडम रजेवर होत्या. तिने पाणी प्यायलं नाही हे मी ओळखलं, आणि त्या आनंदात पुस्तकातलं सांगून टाकलं की लघवी करताना मध्येच धार थांबव, तेच स्नायू. स्नायू ओळखण्यापुरतं एखाद्या वेळीच करायचं, रोज नाही, हे पुस्तकात पुढच्या ओळीत होतं. रमीला सांगितलेलं करणारी. तिने पंधरा दिवस प्रत्येक वेळी तेच केलं. तिला जळजळ सुरू झाली, ताप आला, आणि खाली येऊन गोळ्या घ्याव्या लागल्या.

मॅडम रागावल्या नाहीत. पुढच्या बाजाराच्या दिवशी मला जीपमध्ये घालून मोलगीला घेऊन गेल्या. मला जागा मिळाली टपाच्या शिडीजवळ. दोन तासांत मला कळलं की प्रत्येक वळणाला बाईच्या पोटाच्या तळाला काय धक्का बसतो, आणि गाडी मध्ये खरंच थांबत नाही. बाजारात रमीला भगर विकायला बसली होती. मॅडम म्हणाल्या, "माफी माग."

मी शुद्ध मराठीत माफी मागितली. बरंच बोलले. जबाबदारी, खेद, असे शब्द वापरले. मॅडमनी त्याचं तीन शब्दांत भाषांतर केलं. रमीला एवढी हसली की मापटं हातातून पडलं, आणि मग तिने मला मूठभर भगर ओढणीत घातली.

"तुम्ही काय सांगितलंत तिला?" मी परतताना विचारलं.

"तुझंच सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "थोडं कमी केलं."

मला वाटलं, आता मला सगळं कळलं. पेला बघितला की ओळखते, बोलावं कसं हेही कळलं. वहीत रोज कोणी किती पाणी प्यायलं ते लिहीत होते. एप्रिलमध्ये मला ताप आला आणि मी अक्कलकुव्याच्या खोलीवर पडून राहिले. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून दवाखान्यात गेले, तर दुपारी दारात आई उभी.

घरी मी तिला माय म्हणते, लिहिताना आई होते. आई कुठे जात नाही. लग्नाला नाही, माहेरीही नाही. शहाद्याच्या बाजाराला गेली तरी उभ्या उभ्या परत. बाहेरचं पाणी तर तोंडाला लावत नाही. आमच्या घरातली ही जुनी गंमत आहे. बाबा माझं नाव घेऊन सगळ्यांना सांगतात, "ज्योती व्हयनी तवपासून तिनी माय उंटीण व्हई गई." आणि ती हसतही नाही फारशी. कोणी काही गमतीचं बोललं की ती उठून मागच्या घरात जाते. आम्ही समजायचो, कडक स्वभाव. माझ्या पदवीदानाला नाशिकला यायचंही तिने आधीच नाकारलं होतं. "घर कोन सांभाळी?" म्हणाली. मी ते मनात धरून बसले होते. काका तर म्हणालेच होते, "इतलं शिकीसनी मालिशच करनी शे का?" मला वाटलं, आईलाही तसंच वाटत असेल.

ती मात्र माझ्या तापासाठी भर उन्हात दोन एसट्या बदलून आली होती. ओठ वाळले होते. मॅडम उठल्या आणि पेला भरून दिला. आईने तो कपाळाला लावल्यासारखा वर केला, ओठ टेकवले आणि खाली ठेवला.

मी हसत, अगदी कौतुकाने म्हणाले, "मॅडम, आमची आई बाहेरचं पाणी पीत नाही."

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या जन्मापासून," मी म्हणाले. "बाबा म्हणतात—" आणि तिथे थांबले.

मॅडमनी पेल्याकडे बघितलं नाही. आईला त्यांनी शेतीपाण्याचं विचारलं, आमचूर दिला, एसटीपर्यंत सोडायला शिपाई दिला. ती गेल्यावर मी सतरंजीवर बसले. बायकांचे पेले मी महिनाभर मोजले होते, आणि आईचा जो पेला बावीस वर्षं रिकामा होत नव्हता त्यावर आम्ही विनोद करत होतो.

"तुम्ही बोला ना तिच्याशी," मी मॅडमना म्हणाले.

"मी नाही. ती माझ्याकडे दुखणं घेऊन आली नव्हती, तुला बघायला आली होती. तू विचार."

"मला नाही जमणार."

"मग अक्षरच सुधारत बस," त्या म्हणाल्या, आणि कधी नव्हे ते हसल्या नाहीत.

रविवारी घरी गेले. आई ओट्यावर गहू निवडत होती. मी समोर बसले, घसा साफ केला, आणि काय सांगू, माझ्या तोंडून चौदावा प्रश्नच बाहेर पडला. अनवधानाने वगैरे सगळं.

आईने सूप खाली ठेवलं. "अशी काय पुस्तकसारखी बोली ऱ्हायनी तू? ताप उतरना ना?"

मग मी ओढणी काढली, झोळी करून दाखवली, आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून सासऱ्याचं आणि वाऱ्याचं ते सांगितलं. अहिराणीत ते आणखीच वाईट वाटतं. आईच्या डोळ्यांसमोर आमचे आजोबा आले असावेत. मग तिला हसू फुटलं, आणि तिने पटकन गुडघे जवळ घेतले, एका हाताने ओट्याची कड धरली. "हसाडू नको व," ती म्हणाली. "मले हसाडू नको." लहानपणापासून हे वाक्य मी ऐकत आले होते.

ती उठून मागच्या घरात गेली नाही. बसून राहिली. थोड्या वेळाने गव्हाकडे बघत म्हणाली, "तुन्हा वखतले दोन दिन कळा दिधात मी. तवपासून शे. तुन्ही आजीले सांगं व्हतं. ती बोलनी, बायासले व्हसच ते."

"माय, हे बरं व्हस," मी म्हणाले.

"तुले कितलं माहीत?"

"मले नही. मन्ह्या मॅडमले माहीत शे."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी तिला तपासलं. पूर्ण बरं होईल असं वचन दिलं नाही, तीन महिने रोज कर म्हणाल्या. पहिल्यांदा तिला तीन मोजेपर्यंतही धरता येईना. "वेळ कसा मोजू, मले घड्याळ समजत नही," असं आई म्हणाली. मी फोनमध्ये गजर लावून द्यायला निघाले होते. मॅडमनी विचारलं, भाकरी किती करता. सहा-सात. "मग भाकरी निखाऱ्यावर टाकली की आवळायचं, फुगेपर्यंत धरायचं. पुढची घेईपर्यंत सोडायचं."

पहिले काही दिवस आमच्या घरात कच्च्या भाकरी झाल्या, कारण धरवेनासं झालं की ती भाकरीही लवकर उतरवायची. मग बाबा एकदा म्हणाले, "आजकाल भाकर बरी फुगी ऱ्हायनी." आईने पुढची भाकरी थापायला घेतली. मी खाली मान घालून जेवले.

माझी इंटर्नशिप संपली. त्याच सुमारास संस्थेचं तिथलं कामही बंद झालं. शेवटच्या दिवशी आई माझ्याबरोबर अक्कलकुव्याला आली होती, मॅडमकडून तपासून घ्यायचं म्हणून. दवाखान्यात फायली बांधून ठेवलेल्या, सतरंजी गुंडाळलेली. मॅडमनी त्याही गोंधळात पडदा लावून तिला तपासलं आणि म्हणाल्या, "दोर बराच आवळलाय. सोडू नका."

मग आम्ही त्यांच्याबरोबर जीपच्या थांब्यावर गेलो. त्या मोलगीकडे निघाल्या होत्या, पुढचं काय ते वर गेल्यावर बघू म्हणत होत्या. मी एक छोटं भाषण लिहून आणलं होतं. काढलंच नाही. मॅडम मागच्या फळीवर दोन बायकांच्या मध्ये बसल्या, पितळी तांब्याचं गाठोडं मांडीवर, बूट बाहेर लोंबते. पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आईपुढे धरली.

ऊन फार होतं. आईने बाटलीकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या शहाद्याच्या एसटीकडे. मग तिने बाटली वर धरली आणि घटाघट प्यायला लागली. मी बघत होते. थोडं पाणी तिच्या गळ्यावरून पोलक्यात गेलं. तिने बाटली परत दिली, पदराने तोंड पुसलं, आणि सहज विचारल्यासारखं मला म्हणाली, "नाशिकले जावाले कितला तास लागतंस?"

"सहा-सात," मी म्हणाले.

"मझार थांबस ना गाडी?"

"थांबस. वाटमा दोनदा."

"मंग ठीक शे," आई म्हणाली.

जीप सुरू झाली. मला वाटलं, मॅडमचं आमच्या बोलण्याकडे लक्ष नाही, कारण त्या हातही हलवत नव्हत्या. त्यांनी ती बाटली उन्हाकडे धरली होती आणि डोळे बारीक करून, किती उरलं आहे, ते बघत होत्या. मग झाकण लावलं आणि जीप वळली.